फरशीच्या वर दोन वीत

गल्लीतल्या लोकांना भिंतीवर चित्र हवं होतं असं कुणी सांगितलं, तर ते साफ खोटं आहे. लोकांना नळाला पाणी हवं होतं, खांबावरचा गेलेला दिवा बदलून हवा होता आणि कोपऱ्यावरचा कचऱ्याचा डबा आपल्या दारातून उचलून दुसऱ्याच्या दारात ठेवून हवा होता. चित्र कुणीही मागितलं नव्हतं. पण एका सकाळी दोन माणसं आली, पालिकेचा शिक्का असलेला कागद दाखवला आणि बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीला लोखंडी परांची लावायला लागली. गल्लीने आधी नाक मुरडलं आणि मग खुर्च्या बाहेर काढल्या. फुकटात बघायला मिळत असेल तर आपण काहीही बघतो.

कारखाना बंद पडून किती वर्षं झाली हे कुणाला नक्की ठाऊक नव्हतं. त्याची भिंत तेवढी उरली होती. गल्लीची एक बाजू सगळी तिचीच. समोर सतरा घरं आणि इकडे ही एकटी करडी भिंत, तीन माणसं एकमेकांच्या खांद्यावर चढली तरी वर हात पोचणार नाही एवढी उंच. ती जिथे संपत होती तिथे एक दुमजली घर होतं. त्याच्या वरच्या खिडकीत धाकटी राहायची. त्या खिडकीच्या तिरकस समोर, खालच्या अंगाला, थोरलीचं शिवणाचं दुकान. दुकान कसलं, घराची पुढची खोली, एक मशीन, एक कापायचं टेबल आणि दारात शाळेच्या गणवेशांची चळत.

थोरली आणि धाकटी या सख्ख्या जावा. सासूबाई त्यांना तशी हाक मारायच्या, आणि सासूबाईंचा आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू जायचा, त्यामुळे सगळ्या गल्लीने तीच हाक उचलली. खरी नावं कागदपत्रांपुरती उरली. सासूबाई गेल्या, थोरलीचा नवरा गेला, धाकटी नवऱ्याला घेऊन समोर राहायला गेली, तरी थोरली ती थोरलीच आणि धाकटी ती धाकटीच. दोघींचं बोलणं मात्र नऊ वर्षांपूर्वी थांबलं होतं. भांडण झालं नव्हतं. भांडण झालं असतं तर ते मिटवता तरी आलं असतं.

आलेल्या दोघांत एक बाई होती, चाळिशीची, केस पोरासारखे कापलेले, हातावर कोपरापर्यंत रंगाचे शिंतोडे. तिला दोन दिवसांत गल्लीने रंगवाली करून टाकलं. दुसरा अंगाने दांडगा आणि दाढीवाला. तो दाढीवालाच झाला. आमच्या गल्लीत नाव कमवायला फार कष्ट पडत नाहीत.

रविवारी सकाळी रंगवालीने सगळ्यांना खाली बोलावलं. भिंत खरवडून, पांढरा हात देऊन तयार होती. तिने पातळ लाल रंगाचे डबे मांडले, वीसेक कुंचले मांडले आणि म्हणाली, "चला, आता लिहा."

"काय लिहायचं?" सायकलवाल्याने विचारलं. तो गल्लीच्या तोंडाशी पंक्चर काढायचा.

"काहीही. रेघोट्या मारा, शिव्या द्या, चित्र काढा. फक्त सगळी भिंत भरली पाहिजे आणि एक खूण दुसरीसारखी दिसता कामा नये."

मग तिने समजावून सांगितलं. चित्र होतं तिच्या हातातल्या पाटीएवढ्या पडद्यावर. ते एवढ्या मोठ्या भिंतीवर नेमकं उतरवायचं कसं? पूर्वी दोरी धरून चौकटी आखायचे. आता भिंतीवर वेड्यावाकड्या खुणा करायच्या, भिंतीचा फोटो काढायचा आणि पडद्यावर त्या फोटोवर चित्र ठेवायचं. मग कुठली रेघ कुठल्या खुणेवरून जाते ते बघत बघत भिंतीवर काढत जायचं.

"आणि आमच्या खुणा?"

"रंगाखाली जाणार. चार हात रंगाच्या. देवालासुद्धा दिसायच्या नाहीत."

हे ऐकल्यावर गल्लीला कंठ फुटला. बेकरीवाल्याने एक बदक काढलं, ते बुटासारखं दिसत होतं. सायकलवाल्याने हाताने असं गोल चाक काढलं की रंगवालीने टाळ्या वाजवल्या. एका बाईने नवऱ्याच्या घोरण्याबद्दल जे लिहायचं ते लिहिलं आणि नवऱ्याने शेजारी उभं राहून ते वाचलं. निवृत्त मास्तर तर लाल रंग हातात आल्यावर चळले. सगळ्यांच्या चुका दुरुस्त करत भिंतभर फिरले. कुठे काना, कुठे मात्रा, एका ठिकाणी नुसता स्वल्पविराम. "झाकलं जाणारच आहे हो मास्तर!" लोक ओरडले. "म्हणून काय अशुद्ध झाकायचं?" मास्तर म्हणाले.

थोरली कडेला उभी होती. हातात कुंचला होता आणि काय लिहावं ते सुचत नव्हतं. आयुष्यभर तिने मापं सोडून काही लिहिलं नव्हतं. छाती, कंबर, उंची, बाही. आणि मग एकाएकी तिला जाणवलं की जे कुणालाच, कधीच सांगता आलं नाही, ते सांगायला ही भिंत बरी आहे. भिंत ऐकेल आणि चार हात रंगाखाली गिळून टाकेल. ती भिंतीच्या शेवटाला गेली, पाण्याच्या पाइपाच्या आडोशाला, धाकटीच्या खिडकीच्या बरोब्बर खाली, जिथलं वरून काही दिसत नाही. वाकून तिने लिहिलं.

'त्या दिवशी फरशी मी पुसली होती. तिने नाही.'

तो दिवस अकरा वर्षांपूर्वीचा. स्वयंपाकघराच्या दाराशी दूध सांडलं होतं. फरशी पुसायचं काम रोज धाकटीचं, पण ती त्या वेळी तिथे नव्हती. थोरलीने फडकं मारलं आणि ती मशीनवर जाऊन बसली. पाच मिनिटांत सासूबाई त्या ओल्यावरून घसरल्या. कंबरेचं हाड मोडलं. माणसं गोळा झाली आणि कुणीतरी म्हणालं, "रोज धाकटीच पुसते ना?" थोरलीने तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण तिच्याआधी धाकटीच रडायला लागली, "चुकलं माझं, चुकलं, मी कोरडं केलं नाही." रोजची सवय. तिला वाटलं, आपणच पुसली असणार.

थोरलीने तोंड मिटलं. संध्याकाळी सांगू म्हणाली, मग उद्या म्हणाली. सासूबाई पुढे चौदा महिने अंथरुणावर होत्या. थोरलीने त्यांचं सगळं केलं, हसतमुखाने केलं, आणि लोक म्हणायचे, सून मिळावी तर अशी. धाकटीला मात्र सासूबाईंनी शेवटपर्यंत खोलीत पाऊल ठेवू दिलं नाही. जितकं थोरलीचं कौतुक झालं तितकं सांगणं अवघड झालं. सासूबाई गेल्यावर वर्ष भरलं आणि धाकटी समोर राहायला गेली. आधी ती लाजेने तोंड चुकवायची. पुढे पुढे थोरलीच चुकवायला लागली.

भिंतीवर ते लिहून झालं तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. तिने कुंचला धुतला, परत केला आणि घरी येऊन दोन तास गाढ झोपली. दिवसाढवळ्या अशी झोप तिला कित्येक वर्षांत लागली नव्हती.

सोमवारी दाढीवाला परांचीवर चढला. रंगवाली खाली, हातात पडदा. आणि ती वर बघून ओरडायला लागली. तिच्या आवाजापुढे सासूबाईंचा आवाज म्हणजे कुजबुज.

"बदकाच्या चोचीतून सरळ खाली! हां! आता मास्तरांच्या स्वल्पविरामापासून डावीकडे वळ! घोरण्याला हात लावू नकोस, ते ढगात आहे!"

गल्ली खो खो हसली. थोरलीही हसली. मग दुपारच्या सुमाराला आवाज आला.

"आता खाली उतर, इकडे ये, शेवटाला! फरशी दिसते का? फरशी मी पुसली! हां, तीच! फरशीच्या वर दोन वीत, तिथून बगळ्याचा पाय सुरू!"

थोरलीने पाय मशीनवरून काढला. हातातली बाही तिने उलटी जोडली होती. एकवीस वर्षांच्या कामात असं पहिल्यांदाच झालं.

"फरशीच्या वर?" दाढीवाला.

"वर! दोन वीत!"

समोरची खिडकी धाडकन बंद झाली.

थोरली उठून बाहेर गेली. रंगवालीच्या खांद्यावरून तिने पडद्यात पाहिलं. सगळी भिंत तिथे होती, पाटीएवढी. तिच्यावर निळं तळं पसरलं होतं, तळ्यात पाय सोडून बगळे उभे होते आणि त्या निळाईतून सगळ्या गल्लीच्या खुणा आरपार दिसत होत्या. शेवटच्या बगळ्याच्या पायाखाली तिचं स्वतःचं अक्षर होतं. भिंतीवर दिसत होतं त्याहूनही स्वच्छ.

"हे... हे पुसलं जाणार होतं ना?" तिने विचारलं.

"भिंतीवरचं जाईल, काकू. फोटोतलं शेवटपर्यंत लागतं. त्याच्यावरच तर सगळं काम." रंगवालीने कपाळावर आलेला घाम मनगटाने पुसला. "कुणी काय लिहिलंय ते आम्ही विचारत नाही. पण खुणेला हाक तर मारावी लागते. घाबरू नका, आठवड्यात संपेल."

थोरलीला म्हणायचं होतं, बाई, दुसरी कुठलीही हाक मार. पण तसं म्हटलं की, का म्हणून विचारणार. ती परत आली आणि बाही उसवायला बसली.

आणि मग ते विचित्र दिवस सुरू झाले. भिंत निळी व्हायला लागली. नुसती निळी म्हणून भागणार नाही. पहाटेच्या पाण्याचा निळा, त्याच्यात हिरवा, खाली खोल खोल जाणारा जांभळा, वर जवळजवळ दूध. दुपारी दोन वाजता ऊन त्या भिंतीवर पडायचं आणि निळं होऊन समोरच्या सतरा घरांत परत यायचं. थोरलीच्या टेबलावरचे पांढरे अभ्रे निळे दिसायचे. धागा जुळवायला तिला मागच्या खिडकीशी जावं लागायचं. छतावर पाण्यासारखा उजेड हलायचा. तो हलायला नको होता, कारण भिंत काही हलत नव्हती, पण हलायचा. मी उगाच सांगत नाही, मास्तरांनीही पाहिला.

मास्तरांनी खुर्ची उचलून भिंतीसमोर मांडली होती. कुणी विचारलं तर म्हणायचे, "काठावर बसलोय." बेकरीवाला पावाचे ट्रे घेऊन जाताना पावलं जपून टाकायचा. रंगवालीने गल्लीच्या वाटेवरच्या दगडांवरही हातभर लाटा उतरवल्या होत्या, आणि शहाणीसुरती माणसं त्या लाटांना वळसा घालून जायची. बोलणंही हळू झालं. पाण्याजवळ माणूस मोठ्याने बोलत नाही, तसं. एक दिवस थोरली दोरे आणायला निघाली आणि लाटांशी पोचल्यावर तिने चपला काढून हातात घेतल्या. पलीकडे जाऊन पुन्हा घातल्या. कुणी हसलं नाही.

दुपारी मशीनवर तिचा डोळा लागायचा. मग मशीनची घरघर म्हणजे वल्ह्यांचा आवाज व्हायचा. एकदा सासूबाई तळ्यावरून चालत आल्या, कंबर ताठ, चेहऱ्यावर राग नाही, लोभ नाही, आणि त्यांनी एवढंच विचारलं, "अभ्रे झाले का गं?" थोरली म्हणाली, "होतायत." सासूबाई बराच वेळ तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि निघून गेल्या. जाग आली आणि तिने अभ्रे पुढे ओढले. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बाहेरून आवाज येतच होते. "फरशीच्या डावीकडे चार बोटं!" "फरशीचा पूर्णविराम दिसतो? तिथे बगळ्याचं नख!" प्रत्येक हाकेला थोरली समोर बघायची. खिडकी बंद. एरवी धाकटी रोज चारला तिथे कपडे वाळत घालायची. चार दिवस तिथे एक रुमालसुद्धा आला नाही.

शुक्रवारी दीर आला. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, बोलतानाही नेमकं मोजून बोलायचा. आईचा विषय निघाला की उठून जायचा, पण बायकोला त्याने कधी टाकून बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. दुकानाच्या दारातच तो उभा राहिला.

"वहिनी, एक काम होतं."

"या ना भाऊजी, बसा."

"बसत नाही. तुम्ही त्या रंगवाल्या बाईंना काही सांगू शकाल का? तुमचं ऐकतील." त्याने मान खाली घातली. "भिंतीवर कुणीतरी हिच्याबद्दल लिहिलंय. फरशीचं. दिवसभर तेच ओरडतायत. ही म्हणते, अकरा वर्षं झाली तरी लोक विसरले नाहीत, आता भिंतीवरही लिहिलं. चार दिवस धड जेवली नाहीये."

"तुम्ही वाचलंत का, काय लिहिलंय ते?"

"नाही वाचलं. कशाला वाचायचं? काय असणार ते माहितीय की. आम्ही जागा बघितलीय, नदीपलीकडे. उद्या सामान हलवतो. तुम्हाला सांगितल्याशिवाय जाणं बरं दिसलं नसतं, म्हणून आलो. आईचं तुम्ही एवढं केलंत. ते मी जन्मात विसरणार नाही, वहिनी."

तो गेला. थोरली तशीच बसून राहिली. तिला स्वतःची एवढी किळस आयुष्यात कधी आली नव्हती, आणि तरीही, खरं सांगायचं तर, मनाच्या एका कोपऱ्यात सुटकेचा श्वासही होता. उद्या ती जाईल. ती भिंत रंगेल. नदीपलीकडून कोण कशाला येतंय? फक्त आजचा दिवस निभावायचा. माणूस असाच असतो. मीही तुम्हाला वेगळं काही सांगणार नाही.

शनिवारी दुपारी भिंत जवळजवळ पूर्ण झाली होती. शेवटचा बगळा तेवढा पाण्यावर उतरायचा होता. त्याचा पाय होता, पण त्याच्या खाली हातभर पांढरं शिल्लक होतं आणि त्या पांढऱ्यावर लाल अक्षरं. वरच्या मजल्यावरून सामान ओढल्याचा आवाज येत होता. थोरली सरळ रंगवालीकडे गेली.

"बाई, तेवढं एक आधी झाका."

"हे? आता तेच घ्यायचंय." रंगवालीने निळ्या डब्यात चपटा कुंचला बुडवला, कडेवर निथळला. "चार हात मारले की संपलं. या, बघायचं असेल तर."

ती वाकली. कुंचला 'त्या दिवशी' वर टेकला आणि शब्द पाण्यात बुडावेत तसे दोन्ही शब्द गेले. सहज गेले. पुढचा शब्द फरशी. ऊन नेमकं त्याच वेळी भिंतीवर आलं होतं. रंगवालीचा चेहरा निळा, थोरलीचे हात निळे, सगळी गल्ली कुणीतरी पाण्याखाली धरल्यासारखी शांत.

"थांबा," थोरली म्हणाली आणि तिने रंगवालीचं मनगटच धरलं. कुंचल्यातला रंग दोघींच्या बोटांवरून ओघळला.

"काकू?"

"ते मी लिहिलंय. थांबा जरा. मला एकीला दाखवायचंय."

मग ती खिडकीखाली उभी राहिली आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा तिने हाक मारली. "धाकटे!" आवाज फुटला नाही. तिने पुन्हा मारली. "धाकटे, खाली ये! अगं, खाली ये जरा!"

वरचा सामानाचा आवाज थांबला. मास्तर खुर्चीतून अर्धे उठले. बऱ्याच वेळाने जिन्याचं दार उघडलं आणि धाकटी आली. केस पांढरे झाले होते. थोरलीने समोर राहूनही ते इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते. हाताला पुठ्ठ्याच्या खोक्यांची धूळ होती.

"काय आहे, ताई?"

"हे वाच."

"मला नाही वाचायचं."

"वाच. माझ्यासाठी नको वाचू. पण वाच."

धाकटीने वाकून वाचलं. 'फरशी मी पुसली होती. तिने नाही.' तिला कळलं नाही. ती पुन्हा वाचायला लागली, बोट ठेवून, लहान मुलं वाचतात तसं.

"मी कोण?" तिने विचारलं.

"मी. मी लिहिलंय. दूध सांडलं होतं, ते मी पुसलं. तू नाही पुसलंस. तू काहीच केलं नव्हतंस. मी तेव्हाच सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही. नंतरही नाही सांगितलं. सासूबाई गेल्या तेव्हाही नाही." थोरली भरभर बोलत होती. एकदा थांबली तर पुन्हा सुरू होता येणार नाही असं तिला वाटत होतं. "मला माफ कर असं म्हणायचं तोंड नाही मला."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. ती रडली नाही, ओरडली नाही. नुसती मान हलवायला लागली, नाही, नाही.

"पण मला आठवतंय ना," ती म्हणाली. "मला फडकं आठवतंय. निळ्या काठाचं. गार पाणी आठवतंय, मी पिळलं नाही ते आठवतंय. दाराशी मी ओणवी होते. ताई, मी रोज बघते ते. अकरा वर्षं बघतेय. ते खोटं कसं असेल?"

आपण गप्प बसलो, एवढंच तिला वाटत आलं होतं. आपल्या गप्प बसण्याने दुसऱ्या बाईच्या डोक्यात एक अख्खी दुपार शिवून बसवली आहे, हे तिला आत्ता कळलं.

"मग मी कुठे होते?" धाकटीने विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता. "मी पुसत नव्हते, तर मी त्या वेळी कुठे होते?"

"गच्चीवर."

"गच्चीवर?"

"न्हाऊन केस वाळवायला गेली होतीस. गात होतीस. मोठमोठ्याने, कुणी ऐकतंय का याची फिकीर न करता." थोरलीने डोळे पुसले, तसा गालावर निळा पट्टा उमटला. "मला तुझ्या गाण्याचा राग आला. म्हटलं, इथे दूध सांडलंय, मला शिवणाची घाई आहे, आणि ही बया वर गातेय. त्या रागात मी फडकं धड पिळलंही नाही. आपटलं, फिरवलं आणि निघून गेले."

"मी गात होते," धाकटी म्हणाली.

"हो."

"मला आठवतच नाही." ती भिंतीला टेकून दगडांवरच्या लाटांत बसली. रंग अजून ओला होता आणि तिच्या पाठीला लागला असणार, पण तिला कळलं नाही. "काय गात होते, ताई?"

"शब्द नाही आठवत गं. मध्येच हसत होतीस. शेजारच्या गच्चीवर कुणीतरी होतं, तिला काही सांगत होतीस आणि पुन्हा गात होतीस. बराच वेळ चाललं होतं. सासूबाई पडल्याचा आवाज आला तेव्हासुद्धा तू गातच होतीस. मी हाक मारली तेव्हा थांबलीस."

धाकटीने डोळे मिटले. कितीतरी वेळ ती तशीच बसून होती, तोंड किंचित उघडं, दूरवरचं काही ऐकू येतंय का ते बघत असल्यासारखी. रंगवाली कुंचला हातात धरून उभी होती आणि त्यावरचा रंग वाळून चालला होता.

मग धाकटीने डोळे उघडले. ती उठली आणि तिने वर बघून नवऱ्याला हाक मारली.

"अहो! खाली या!"

खिडकीत दिराचं डोकं दिसलं. हातात सुतळीचा गुंडा होता.

"सामान राहू दे. खाली या आधी," धाकटी म्हणाली. मग ती थोरलीकडे वळली. तिच्या नजरेत माफी नव्हती, पण ती सरळ थोरलीच्या डोळ्यांत बघत होती. "आता त्यांना सांगा. सगळं सांगा. आणि मी गात होते तेही सांगा."

जिन्यावर पावलं वाजली. दीर दारात आला, एकीकडून दुसरीकडे बघायला लागला. गल्ली आता सगळी बाहेर आली होती, पाण्याच्या काठाशी यावी तशी. इतक्या माणसांसमोर थोरली कधी बोलली नव्हती. तिने ओल्या निळ्या हातांच्या मुठी वळल्या.

"भाऊजी," ती म्हणाली, "त्या दिवशी दूध सांडलं होतं." आणि तिने पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.